तीच कबुली पुन्हा

प्रायश्चित्तकाळातील शनिवारची संध्याकाळ असते. कन्फेशनच्या जाळीपलीकडे माणसे येतात, गुडघे टेकतात आणि पुष्कळदा त्यांचे पहिलेच वाक्य असते की, फादर, नवीन काही नाही, मागच्या वेळचेच आहे. कोण, कधी, कशाविषयी हे सांगण्याचा मला अधिकार नाही. जाळीपलीकडचे जाळीपलीकडेच राहील. परंतु हे एक वाक्य इतक्या मुखांतून येते की ते आता कोणा एकाचे उरलेले नाही. खरे तर ते माझेही आहे. दर पंधरवड्याला मीही दुसऱ्या एका धर्मगुरूंपुढे गुडघे टेकतो आणि थोड्याफार फरकाने हेच म्हणतो.

काही वर्षांपूर्वी युवकांच्या एका शिबिरात, सर्वांसमक्ष, एका तरुणाने मला विचारले होते, "फादर, दर महिन्याला तेच पाप सांगायचे आणि बाहेर पडून तेच करायचे, हा देवाशी खोटेपणा नाही का? पुन्हा पडणार हे मला ठाऊक असताना 'पुन्हा करणार नाही' असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? त्यापेक्षा न आलेलेच बरे." मी त्या वेळी सेमिनरीत शिकलेले उत्तर दिले. देवाची दया अमर्याद आहे, आपण प्रयत्न करीत राहावे, इत्यादी. उत्तर चुकीचे नव्हते. त्याने सभ्यपणे मान डोलावली आणि तो आपल्या जागी जाऊन बसला. पुढे तो कन्फेशनला येईनासा झाला, एवढे मी पाहिले. त्याचे ते मान डोलावणे मला अजून सतावते. तो हे पान वाचील की नाही, कोण जाणे. पण जे उत्तर त्याला तेव्हा द्यायला हवे होते, ते आज उशिरा का होईना, मांडून पाहतो.

आधी माझ्याविषयी सांगितले पाहिजे, नाहीतर हे लिखाण म्हणजे तटावर उभे राहून पोहणाऱ्याला केलेला उपदेश ठरेल. माझा दुबळेपणा राग हा आहे. ज्या ज्या धर्मग्रामांत मी सेवा केली, तेथील लोकांना हे नव्याने सांगण्याची गरज नाही. त्यांनी तो पाहिला आहे. एका रविवारी सकाळच्या मिस्सेत दहा-अकरा वर्षांच्या एका वेदीसेवकाच्या हातून द्राक्षरसाची काचेची कुपी निसटून फुटली आणि वेदीवरचे पांढरे वस्त्र डागाळले. मिस्सा चालू असताना मी चेहऱ्यावर काही दाखविले नाही. मिस्सा संपल्यावर मात्र सॅक्रिस्टीत मी त्याला जे बोललो ते येथे लिहिण्यासारखे नाही. ज्या जिभेने काही मिनिटांपूर्वी मी लोकांना शांतीचा आशीर्वाद दिला होता, तीच जीभ. मुलगा रडला नाही. त्याने अंगातला झगा काढला, त्याची नीट घडी घातली, खुंटीखालच्या बाकावर ठेवली आणि तो निघून गेला. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी त्याच्या घरी गेलो. ओट्यावर त्याची आजी मेथी निवडत बसली होती. मुलाला बाहेर बोलावून मी त्याची क्षमा मागितली. तो पायाच्या अंगठ्याने ओट्याची लादी कोरीत उभा राहिला, 'हो फादर' म्हणाला आणि आत पळाला. काय बोलावे हे न सुचून मी आजीला म्हणालो, "आजी, रागावर ताबा मिळवायचा कितीदा निश्चय केला, पण माझ्याच्याने होत नाही."

ती हसली. तिचे बोलणे आमच्या वसईच्या बोलीतले. येथे ते प्रमाण मराठीत देतो. "फादर, ह्याच्या आजोबांनी दारू किती वेळा सोडली, तुम्हांला ठाऊक आहे? मी मोजायचे सोडून दिले होते."

मग तिने ती हकीकत सांगितली. दर वर्षी राखेच्या बुधवारी तो शपथ घ्यायचा. कधी ती गुड फ्रायडेपर्यंत टिकायची, कधी मधल्या एखाद्या बारशापर्यंत, कधी आठच दिवस. एका वर्षी शपथ घ्यायला गेला तेव्हा तेथील धर्मगुरूंनी त्याला सांगितले की, देवाची थट्टा पुरे झाली; शपथ मोडणाऱ्याने पुन्हा शपथ मागायला येऊ नये. दोन वर्षे तो चर्चची पायरी चढला नाही. "ती दोन वर्षे सगळ्यांत वाईट," आजी म्हणाली, "कारण त्या दोन वर्षांत त्याने एकदाही सोडली नाही." एकदा त्याने हात उगारला, तेव्हा ती मुलांना घेऊन माहेरी निघून गेली आणि तो पुन्हा शपथ घेईपर्यंत परतली नाही. पुढे कधीतरी सोडली ती सुटली. कोणत्या वर्षी, हेही तिला नक्की आठवत नव्हते, कारण त्या वर्षी वेगळे काही घडले नव्हते. त्यानंतर तो अकरा वर्षे जगला आणि न पिता मेला.

मी विचारले, "मग आधीच्या त्या साऱ्या शपथा वाया गेल्या असे नाही वाटत?"

तिने माझ्याकडे असे पाहिले की, एवढे शिकलेला माणूस हे काय विचारतो! "वाया कशा जातील? त्या आठ-आठ दिवसांत आमच्या घरात दिवेलागणीला भांडण नसायचे. मुले अभ्यासाला बसायची. ते आठ दिवस आम्ही जगलो ना, फादर?"

सेमिनरीतील वर्षांत पापाची, कृपेची, सद्‌गुणांची पुष्कळ प्रकरणे मी अभ्यासली होती. पण मोडलेल्या शपथेचेही मोल असते, हे इतक्या सरळपणे मला कोणी सांगितले नव्हते. आपण पतनाचा हिशेब ठेवतो तो असा की, शेवटी पडला, म्हणजे मधले सारे खोटे. त्या घरातील मुलांसाठी मधलेच खरे होते.

आता त्या तरुणाचा प्रश्न. पश्चात्तापाच्या व्याख्येत पुन्हा पाप न करण्याचा निश्चय अंतर्भूत आहे, हे ट्रेंटच्या महापरिषदेने 1551 साली स्पष्ट शब्दांत मांडले आणि ते आजही ख्रिस्तसभेचे शिक्षण आहे. निश्चय नसेल तर पश्चात्ताप अपुरा. येथवर तरुणाचे बरोबर आहे. घोटाळा होतो तो पुढे. निश्चय आणि भाकीत ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. 'मी पुन्हा करणार नाही' हे वाक्य हवामानाच्या अंदाजासारखे नाही की उद्या पाऊस पडला म्हणजे ते खोटे ठरले. विवाहाच्या वेदीपुढे वधूवर एकमेकांना आजन्म निष्ठेचे वचन देतात, तेव्हा आपण आयुष्यात कधीही चुकणार नाही असे भविष्य ते वर्तवीत नसतात. आपली इच्छा कोणत्या दिशेला तोंड करून उभी आहे, हे ते जाहीर करतात. पडण्याची भीती वाटणे म्हणजे पडण्याची इच्छा असणे नव्हे. आजारी माणसाला ताप पुन्हा येईल असे वाटते, म्हणून त्याला ताप हवा आहे असे कोणी म्हणत नाही.

हा माझा पदरचा युक्तिवाद नाही. पोप संत जॉन पॉल दुसरे ह्यांनी 22 मार्च 1996 रोजी, प्रायश्चित्त संस्काराशी संबंधित विषय पाहणाऱ्या व्हॅटिकनच्या न्यायासनाच्या प्रमुख कार्डिनलांना लिहिलेल्या पत्रात ह्याच मुद्द्याला हात घातला होता. गतानुभवामुळे व स्वतःच्या दुर्बलतेच्या जाणिवेमुळे पुन्हा पतन होईल अशी भीती वाटत असली, तरी त्या भीतीने निश्चयाचा खरेपणा नाहीसा होत नाही, मात्र तिच्या जोडीला पाप टाळण्यासाठी शक्य ते सर्व करण्याची इच्छा हवी आणि त्या इच्छेला प्रार्थनेचा आधार हवा, असा त्या पत्रातील विवेचनाचा आशय आहे. 'शक्य ते सर्व' ह्या शब्दांकडे आपल्याला पुन्हा यावे लागेल, कारण सारी मेख तेथे आहे.

परंतु प्रश्नाची दुसरी बाजू अधिक अवघड आहे आणि ती श्रद्धेच्याच गाभ्याला भिडते. क्षमा मिळाली, कृपा मिळाली, ख्रिस्तप्रसादही घेतला. मग खोड का जात नाही? देवाची कृपा इतकी दुबळी आहे का की रविवारची कृपा सोमवारच्या लोकलमधल्या धक्काबुक्कीत संपावी?

संत थॉमस अक्वायनस ह्यांनी आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिका' ह्या ग्रंथात ह्या प्रश्नाला कमालीच्या शांतपणे उत्तर दिले आहे. कृपेबरोबर परमेश्वर माणसाच्या अंतःकरणात सद्‌गुणही ओततो. पण पूर्वीच्या कृत्यांनी शरीरात आणि मनात जे वळण पडलेले असते, ते त्याच क्षणी पुसले जातेच असे नाही. म्हणून ज्याला सद्‌गुण लाभला आहे त्यालाही सद्‌गुणाचे वागणे जड जाऊ शकते. मराठीत आपण सवयीला 'अंगवळणी पडणे' म्हणतो, तो शब्द येथे किती चपखल बसतो पाहा. अंगाला पडलेले वळण क्षमेने धुतले जात नाही. ते नव्या वळणाने, हळूहळू, बदलते. अक्वायनस आणखी एक भेद करतात. ज्याच्या वासनाच शांत झाल्या आहेत तो संयमशील, आणि ज्याच्या आत वासना उसळत असूनही जो तिच्यामागे जात नाही तो निग्रही. पहिला श्रेष्ठ, हे ते मान्य करतात. पण दुसऱ्यालाही ते मोजतात. आपल्यापैकी बहुतेकांचे आयुष्य दुसऱ्याच प्रकारात जाते, आणि आपल्या आत उसळी येते ह्याच गोष्टीची आपण शरम बाळगतो. उसळी येणे हे पाप नव्हे, हे कन्फेशनमध्ये मला जितक्या वेळा सांगावे लागते तितके दुसरे काहीही सांगावे लागत नाही.

पेत्राचे उदाहरण मला ह्या बाबतीत फार आधार देते, आणि ते नेहमी दिले जाते त्या अर्थाने नव्हे. कोंबडा आरवण्यापूर्वी त्याने तीनदा प्रभूला नाकारले, हे आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. पुढे तो रडला, प्रभूने त्याला तीनदा प्रेमाविषयी विचारले, पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्मा उतरला आणि तो निर्भय झाला. आपली प्रवचने साधारणपणे येथे थांबतात. पण गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात संत पौलाने अंत्युखियातील एक प्रसंग नोंदवून ठेवला आहे. तेथे पेत्र परराष्ट्रीय ख्रिस्ती बांधवांबरोबर एका पंक्तीला जेवत असे. यरुशलेमेहून याकोबाकडची काही मंडळी आली, तेव्हा त्यांच्या भयाने तो हळूच पंक्तीतून बाजूला झाला आणि पौलाने त्याला सर्वांदेखत धारेवर धरले. काय होता पेत्राचा दुबळेपणा? लोक काय म्हणतील ह्याचे भय. महायाजकाच्या अंगणात दासीपुढे होते तेच. पुनरुत्थानाचा साक्षीदार, पवित्र आत्म्याने भरलेला, ख्रिस्तसभेचा खडक. त्याचा जुना दुबळेपणा इतक्या वर्षांनी त्याच जागी त्याची वाट पाहत होता. पवित्र शास्त्राने हे झाकले नाही. आणि ह्याच पेत्राने शेवटी रोममध्ये प्रभूसाठी प्राण दिले, हीही ख्रिस्तसभेची परंपरा आहे. अंत्युखियातील ती पंक्ती मला वधस्तंभाइतकीच शिकवते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण फार मोठी नाही.

ह्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल आत्म्याच्या फळांची यादी देतो आणि त्या यादीत शेवटचे नाव आहे ते आत्मसंयमनाचे. आपल्या मराठी बायबलात त्यासाठी 'इंद्रियदमन' असा शब्द आहे. शब्द जुना आणि भारदस्त आहे, पण त्यातील 'दमन' मला थोडे खटकते. दमन म्हटले की चाबूक डोळ्यांपुढे येतो. मूळ ग्रीक शब्द 'एन्क्रातेइया', त्यात सामर्थ्याचा, स्वतःवर सत्ता असण्याचा भाव आहे. आणि पौल त्याला फळ म्हणतो, हे विसरू नये. वसईच्या वाडीत वाढलेल्या माणसाला फळाविषयी सांगायला नको. केळीला घड कधी यावा हे आपण ठरवीत नाही. आपण आळे करतो, पाणी सोडतो, खत घालतो, वाऱ्याला टेकू देतो. एवढे केले नाही तर घड येत नाही, आणि एवढे केले म्हणून तो आपण घडविला असेही होत नाही. रेल्वे स्टेशनवरच्या पुस्तकांच्या दुकानांत इच्छाशक्ती वाढविण्याची पुस्तके पुष्कळ असतात. काही चांगलीही असतील. पण माणसाने मनात आणले की तो केवळ आपल्या बळावर निष्पाप राहू शकतो, हा विचार पाचव्या शतकातील पेलेजिअसचा, आणि 418 साली कार्थेजच्या धर्मसभेने तो नाकारला. त्या नकारामागे हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन ह्यांचा मोठा हात होता. स्वतःच्या बळावर सुटू पाहणाऱ्या माणसाचे काय होते, हे त्यांनी स्वतःच्या आयुष्यात आणि मित्राच्या आयुष्यात पाहिले होते.

तो मित्र म्हणजे अलिपिअस. ऑगस्टीन आपल्या आत्मनिवेदनात त्याची हकीकत सांगतात. रोममध्ये कायद्याचे शिक्षण घेत असताना अलिपिअसला रंगमंडलातील रक्तपाताच्या खेळांचा तिटकारा होता. एके दिवशी मित्रांनी त्याला बळेच ओढून नेले. तो म्हणाला, माझे शरीर तुम्ही तेथे बसवाल, पण मन आणि डोळे नाही. आणि डोळे गच्च मिटून तो बसला. मग कोणी एक योद्धा कोसळला, गर्दीतून प्रचंड आरोळी उठली, कुतूहल अनावर झाले आणि त्याने डोळे उघडले. पुढे त्याला तेथून ओढून न्यावे लागेना. तोच इतरांना ओढून आणू लागला. ऑगस्टीन ह्यांचे निदान असे की, त्याने भरवसा स्वतःवर टाकला होता. मला त्यात एक साधी गोष्टही दिसते. त्याने डोळे मिटले, पण कान उघडे होते आणि बसण्याची जागा बदलली नव्हती. आज ज्यांच्या हातातील मोबाईल रात्री उशाशी असतो आणि 'मी नको ते पाहणार नाही' असा ज्यांचा निर्धार असतो, ते अलिपिअसच्याच बाकावर बसलेले असतात. मोबाईल रात्री दुसऱ्या खोलीत ठेवणे हे 'शक्य ते सर्व' ह्या शब्दांत येते. हे फार क्षुल्लक वाटते. पण आपल्याला मोठा त्याग करायला आवडतो आणि चार्जर दुसऱ्या खोलीत नेणे जिवावर येते, हा माझा अनुभव आहे.

ह्या बाबतीत डब्लिनच्या मॅट टॅल्बटइतका व्यवहारी माणूस मला दुसरा ठाऊक नाही. 1856 साली एका गरीब कुटुंबात तो जन्मला, बाराव्या वर्षी मद्याच्या व्यापाऱ्याकडे कामाला लागला आणि तेथेच त्याला दारूची चटक लागली. पुढची सुमारे सोळा वर्षे त्याची मजुरी गुत्त्यातच जात असे. दारूसाठी त्याने एकदा रस्त्यावर वाजवून पोट भरणाऱ्या एका वादकाचे व्हायोलिनही चोरून विकले. 1884 मध्ये एका शनिवारी खिशात पैसे नव्हते, म्हणून कोणीतरी पाजील ह्या आशेने तो कोपऱ्यावर उभा राहिला. ज्यांना त्याने आजवर पाजली होती ते मित्र एकामागून एक बाजूने निघून गेले. तो घरी आला आणि आईला म्हणाला की मी शपथ घ्यायला जातो. आईने त्याला बजावले, पाळणार असशील तरच घे. त्याने धर्मगुरूंपुढे शपथ घेतली ती तीन महिन्यांची. जन्मभराची नव्हे, तेवढी हिंमत त्याला नव्हती आणि नाही हे त्याला कळत होते. मग पुढची घेतली, मग पुढची, आणि अखेर आयुष्यभराची. ह्या काळात एकदा तो खिशात थोडे पैसे घेऊन पुन्हा गुत्त्यात शिरला. गर्दीत कोणी त्याच्याकडे लक्ष दिले नाही, तेव्हा बाहेर पडून तो तडक चर्चमध्ये गेला. आणि त्यानंतर खिशात पैसे बाळगायचेच नाहीत असा त्याने नियम केला. कामावर जाण्यापूर्वी पहाटेची मिस्सा, काम सुटल्यावर पुन्हा चर्च. मनोनिग्रहाच्या बळावर तो गुत्त्यावरून ताठ मानेने चालत गेला, असे त्याच्या चरित्रात फारसे नाही. त्याने वाट बदलली आणि खिसा रिकामा ठेवला. त्या वादकाचाही त्याने पुढे खूप शोध घेतला. तो सापडला नाही, तेव्हा व्हायोलिनच्या किमतीएवढ्या पैशांतून त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा करविल्या. 7 जून 1925 रोजी मिस्सेला जाताना रस्त्यात कोसळून तो मेला, तेव्हा दारू सोडून त्याला एकेचाळीस वर्षे झाली होती. 1975 साली पोप सहावे पॉल ह्यांनी त्याला 'पूजनीय' म्हणून घोषित केले. मृत्यूनंतर त्याच्या अंगावर तपश्चर्येच्या साखळ्या आढळल्या, त्यावरच पुष्कळ लिहिले जाते. माझ्या मते अनुकरण करायचेच तर साखळ्यांचे नको, रिकाम्या खिशाचे करावे.

टॅल्बटच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, 1935 मध्ये, अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे दोन मद्यपी एकमेकांना भेटले आणि त्यांच्या भेटीतून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही चळवळ जन्मली. आपल्याकडेही अनेक चर्चच्या सभागृहांत तिच्या बैठका भरतात. तेथे माणूस उभा राहून प्रथम आपण हतबल आहोत हे कबूल करतो, आणि वचन देतो ते फक्त आजच्या दिवसाचे. चळवळ कोणत्याही एका धर्माची नाही. पण मी अशा उघड्या बैठकीला एकदा मागच्या खुर्चीवर बसलो, तेव्हा मला आपल्या प्रायश्चित्त संस्काराची आठवण झाली आणि थोडी लाजही वाटली. तेथे पडलेला माणूस परत येतो, तेव्हा त्याला चहा देतात.

येथे एका गैरसमजाला जागा राहू नये. हे सारे वाचून कोणी घरी जाऊन म्हणेल की, फादरांनी लिहिले आहे, पडणे चालायचेच. त्या आजीची हकीकत पुन्हा वाचावी. नवऱ्याने हात उगारला त्या दिवशी ती मुलांना घेऊन निघून गेली, आणि तिने योग्य केले. देव सत्तर वेळा सातदा क्षमा करतो, ह्याचा अर्थ बायकोने सत्तर वेळा मार खावा असा नव्हे. क्षमा मागणाऱ्याने दुसऱ्याच्या पाठीवर आपल्या दुबळेपणाचे ओझे टाकून देवाशी समेट करू नये. जक्कयाने चौपट परत केले. टॅल्बट त्या वादकाला शोधत फिरला. 1992 च्या 'कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण' ग्रंथात असे म्हटले आहे की, सवय, भीती, अतिरेकी आसक्ती ह्यांमुळे माणसाची नैतिक जबाबदारी कमी होऊ शकते. कमी होऊ शकते. दरवेळी नाहीशी होते असे नव्हे. आणि ती किती कमी झाली हे ठरविण्याचे काम ज्याचे त्याने स्वतःच स्वतःच्या सोयीने करू नये, म्हणून तर जाळीपलीकडे दुसरे कोणीतरी बसलेले असते.

मग माझ्या रागाचे काय? त्या ओट्यावरून उठल्यानंतर मी संत इग्नेशिअस लोयोला ह्यांचे 'आध्यात्मिक साधना' पुन्हा काढले. 1548 साली पोप तिसरे पॉल ह्यांनी मान्यता दिलेले हे छोटे पुस्तक आम्ही सेमिनरीत वापरले होते, पण त्यातील एका पानाकडे मी तेव्हा दुर्लक्ष केले होते. वाण्याच्या वहीसारखे वाटले होते ते. त्यात एकाच दोषावर लक्ष ठेवण्याची पद्धत आहे. सकाळी उठताच त्या दोषाविषयी सावध राहण्याचा निश्चय करायचा. दुपारी एकदा आणि रात्री एकदा, तासातासाचा आढावा घेऊन जितके वेळा पडलो तितके ठिपके त्या दिवसाच्या रेघेवर द्यायचे. आणि पडल्याबरोबर, लोकांत असलो तरी, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने छातीवर हात ठेवायचा. इग्नेशिअस आठवड्याच्या रेघा काढून देतात त्या क्रमाने आखूड होत जाणाऱ्या. सोमवारी रविवारपेक्षा कमी ठिपके असावेत ही अपेक्षा. पण रेघ नाही असा दिवस ते ठेवीत नाहीत.

मी एक वही केली. पहिल्या महिन्यात मला एकच गोष्ट कळली, पण ती कामाची होती. माझे बहुतेक ठिपके रविवारी अकरा ते एक ह्या वेळातले होते. तीन मिस्सा झालेल्या, पोटात काही नाही, आणि चर्चच्या दारात कोणी दाखला मागतो, कोणी सभागृहाची तारीख, कोणी शेजाऱ्याची तक्रार सांगतो. पंचवीस वर्षे मी ज्याला स्वभावदोष म्हणून देवाच्या गळ्यात घालीत होतो, त्यातला बराच भाग भूक होती. आता दुसऱ्या मिस्सेनंतर मी दोन केळी खातो. हे प्रार्थनेला पर्याय म्हणून सांगत नाही. केळी खाण्याआधी प्रार्थना करतो. शिवाय सहायक धर्मगुरूंना सांगून ठेवले आहे की माझा आवाज चढू लागला की त्यांनी खोकावे. ते इतक्या निष्ठेने खोकतात की लोक अलीकडे त्यांच्या प्रकृतीची चौकशी करतात.

तो मुलगा परत आला. लगेच नाही, नाताळच्या आधी, दुसऱ्या दोघांबरोबर, मागे मागे राहून. आता तो कॉलेजात जातो आणि वेदीवर क्वचित येतो. कुप्यांचे तबक हाती घेतले की अजूनही तो एकदा माझ्याकडे पाहतो. ते पाहणे मी स्वीकारले आहे. ते माझ्या हिश्श्याचे आहे.

वही चालू आहे. काही रेघा कोऱ्या आहेत, फार नाहीत. हे लिहीत असताना मधेच फोन आला, सभागृहाच्या वायरिंगचे काम अर्धवट टाकून गेलेल्या माणसाचा. खोकायला कोणी जवळ नव्हते. आजच्या रेघेवर दुपारपर्यंत दोन ठिपके पडले आहेत, आणि त्या माणसाला परत फोन करायचा आहे.